मऊ माती

पायजम्याची नाडी बांधता येईना, तेव्हा कुंभाराने शर्ट खाली ओढून वेळ मारून नेली. पण अंगणात येईपर्यंत पायजमा घसरायला लागला आणि एका हाताने कंबर धरून त्याला बायकोला हाक मारावी लागली. ती चुलीपाशी होती. हात पुसत बाहेर आली, त्याचा अवतार पाहिला आणि वाकून नाडी बांधायला लागली.

"फार आवळू नकोस," तो म्हणाला. "सोडायलाही तूच लागशील."

"मग आवळूनच बांधते. तेवढीच घरात माझी किंमत राहील."

"आणखी नको वाढवूस. आधीच परवडत नाहीस."

ती हसली. तोही हसला, पण हसताना त्याने रस्त्याकडे पाहून घेतलं. कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी कुणाला त्यात काही वाटलं नसतं, पण त्याला वाटलं. आयुष्यभर ओल्या मातीला काठ काढणाऱ्या माणसाला एक गाठ मारता येऊ नये, हे त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

सकाळी उठला की बोटं वळलेलीच असायची. पेरं सुजून गोट्यांसारखी झाली होती. अंगठा तळव्यात वाकून बसला होता. तो सरळ करायचा तर दुसऱ्या हाताने, आणि दुसरा हात तरी कुठे धड होता? ऊन वर येईपर्यंत चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावावा लागे. डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि हातांना विश्रांती द्या म्हणून सांगितलं. किती दिवस, असं कुंभाराने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता कायमचीच. त्या दवाखान्याची पायरी तो पुन्हा चढला नाही. गोळ्या मात्र संपल्या की मुलाकडून आणवायचा. राग डॉक्टरवर होता, गोळ्यांवर नव्हता.

विश्रांती घेणाऱ्यातला तो नव्हताच. त्याने हातांना चुकवून काम करायच्या युक्त्या काढल्या. बसण्याआधी बादलीभर कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून ठेवायचा. चाकावरचा मातीचा गोळा मधोमध उघडायला अंगठा चालेना, तर मूठ वळून तिच्या हाडांनी उघडायला लागला. कोपर मांडीत रोवून सगळा जोर खांद्यातून घ्यायचा. भांड्याच्या आतून बोटांऐवजी मोडक्या लाकडी डावाची पाठ लावायचा. भांडं चाकावरून कापायच्या दोऱ्याला त्याने दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधले आणि ते मनगटांत अडकवून ओढायला शिकला. चाक काठीने फिरवणं खांद्याला झेपेना, तेव्हा मुलाने भंगारातल्या कूलरची मोटर चाकाला बसवून दिली. "आता हे चाक आहे का मिक्सर?" असं म्हणून कुंभार बरेच दिवस तिच्याकडे रागाने बघायचा. मग एकदा वीज गेली आणि सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला.

प्रत्येक युक्ती थोडे दिवस चालायची. मग दुखणं तिच्यापर्यंत येऊन पोचायचं.

लागवडीचा मोसम तोंडावर आला तसा नर्सरीवाला आला. त्याला गुडघाभर उंचीच्या कुंड्या हव्या होत्या, अंगाने भरलेल्या, जाड काठाच्या. बोलताना तो हातांकडे बघत नव्हता. म्हणजे त्याने पाहिले होते.

"जमेल ना काका? नाहीतर या खेपेला प्लास्टिकच्या घेतो. अडून बसू नका माझ्यासाठी."

"प्लास्टिकात मुळं उकडतात."

"उकडू दे की. तोवर झाड विकलेलं असतं."

"मग गिऱ्हाईक शिव्या कुणाला देतं?"

"उन्हाला," नर्सरीवाला म्हणाला आणि दोघंही हसले. जाताना तो ऑर्डर पक्की करून गेला. भला माणूस होता. पण भल्या माणसालाही झाडं कशात तरी लावावीच लागतात.

त्या दिवशी जेवताना मुलाने विषय काढला. मुलगा टेम्पो चालवायचा. टेम्पो उन्हापावसात रस्त्यावर उभा असायचा आणि चाकाची शेड त्याला रोज दिसायची. पण त्याच्या मनात फक्त टेम्पो होता असंही नव्हतं. बाप घास उचलताना चारदा ताटात सांडायचा आणि हा मान खाली घालून जेवायचा.

"बाबा, बास करा आता. बघवत नाही."

"मग नको बघूस. तुला तिकीट काढून बसवलंय का समोर?"

"आई, तू तरी सांग ना."

आईने आमटीची वाटी पुढे सरकवली.

"ऐक," कुंभार म्हणाला. "ही भट्टी होऊ दे. कुंड्या धड निघाल्या तर पुन्हा माझ्यापुढे चाक काढून टाकायची गोष्ट करायची नाही."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर तूच काढ. मी हूं की चूं करणार नाही."

बायकोचा हात वाटीवरच राहिला. नवऱ्याला ती ओळखून होती. तो ताडकन बोलायचा, पण बोललेलं मोडायचा नाही. मोडता येईल असं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

माती तिच्याकडे होती. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळणं, भिजवणं, पायाने तुडवणं, वाळू मिसळणं, सगळं तीच करायची. घमेल्यात वाळू किती घ्यायची हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण हाताला कळायचं. मोठ्या भांड्याला वाळू लागतेच. तिच्याशिवाय माती वाळताना अंग आवळते आणि आगीत उकलते.

पहिल्या दिवशी त्याने एकच कुंडी काढली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळे नव्हते. तिने पदराने पुसला. कुंडी झाल्यावर त्याने हात पाण्यात बुडवले आणि बराच वेळ काढले नाहीत. तिने पाणी पाहिलं तर त्यात लालसर रेघा होत्या. सुजेने पेरांवरची कातडी ताणून पातळ झाली होती आणि फिरत्या मातीतली वाळू तिला किसणीसारखी लागत होती.

"दाखवा."

"काय दाखवू? हातच आहेत."

"अहो, सोलवटलंय सगळं."

"नवीन कातडी येईल. फुकट येते."

तिने खोबरेल लावलं, चिंध्या बांधल्या. चिंध्या बांधून चाकावर बसता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी माती मळायला ती एकटीच खड्ड्यापाशी गेली. वाळूचं घमेलं शेजारी भरून ठेवलेलं होतं. तिने त्यात हात घातला, मूठ भरली आणि चोळून पाहिली. तिच्या धड हातालाही ती टोचली. तिला एकदम रडायला आलं आणि रडण्याचा तिला रागही आला. तिने वाळू बाजूला सारली. चुलीतली राख आणली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळली, पिठासारखी झाली तेव्हा वाळूच्या जागी तीच मातीत घातली आणि तुडवायला लागली.

ती काही वेडी नव्हती. एवढ्या वर्षांत मातीचं तिला जेवढं कळत होतं तेवढं घरात कुणालाच कळत नव्हतं. त्या मातीची तिने आधी एक छोटी वाटी केली, उन्हात वाळवली आणि चुलीच्या निखाऱ्यांत भाजून काढली. राखेतून वाटी काढून तिला टिचकी मारली. खणखणीत वाजली. तिने ती वाटी परातीखाली लपवली आणि दिवसभर मनात उड्या मारत राहिली. वाटी मुठीत मावते आणि कुंडी दोन्ही हातांत मावत नाही, याचा विचार त्या आनंदात तिने केला नाही. किंवा करायचा टाळला.

नव्या मातीचा गोळा तिने चाकावर ठेवला. कुंभाराने हात ओले केले, कोपर मांडीत रोवलं, मोटर चालू केली. गोळा त्याच्या मुठींमध्ये फिरायला लागला. ती दाराशी उभी राहून श्वास रोखून बघत होती. तो काहीच बोलला नाही. मूठ आत गेली, गोळा उघडला, भिंत वर यायला लागली. ओल्या चामड्याच्या पट्टीने त्याने काठ धरला आणि काठ एका दमात गोल आला. त्याच्या काही लक्षात आलं नाही असं पाहून ती निर्धास्त झाली.

त्यानंतर आले तसे बरे दिवस त्या घरात बऱ्याच काळाने आले होते. कुंभार सकाळी लवकर उठायचा, कोमट पाण्यात हात घालून बसायचा आणि ऊन वर यायच्या आत चाकावर असायचा. हात दुखत नव्हते असं नाही, पण सोलवटत नव्हते, आणि ज्याने दोन्ही सोसलं आहे त्याला एक कमी झालं तरी पुरेसं होतं. तो गुणगुणायला लागला. त्याचा आवाज मुळातच फाटका, पण घरात कुणी हरकत घेतली नाही. एकदा मुलाने दारातून डोकावून पाहिलं तर बाप त्याला म्हणाला, "ये ये, टेम्पो कुठे उभा करणार बघून ठेव. रस्त्यावर बरी जागा आहे."

मुलगाही हसला. "मी हरलो तर आनंदच आहे मला," असं तो आईला म्हणाला, बापाला नाही.

कुंड्या सावलीत ओळीने वाळायला लागल्या. त्या उलटायचं काम बायकोचं. त्याच्या मनगटात तेवढा जोर राहिला नव्हता. पहिली कुंडी तिने उलटली आणि तळाशी केसाएवढी रेघ दिसली. तिने बोट फिरवलं. रेघ होती. दुसऱ्या कुंडीलाही होती, थोडी तिरपी. तिसरीला नव्हती, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. चौथीला पुन्हा होती.

तिने वाडग्यात पातळ गाळ कालवला आणि एकेक रेघ अंगठ्याने बुजवत गेली. दुसऱ्या दिवशी बुजवलेल्या जागेशेजारी नवी रेघ आलेली असायची. ती तीही बुजवायची. कंबर मोडायची वेळ आली तरी ती वाकलेलीच.

"काय करतेस एवढं तिकडे?" चाकावरून त्याने विचारलं.

"पुसून घेते. धूळ बसते."

सांगावं असं तिला रोज वाटायचं. पण काय सांगणार? वाळू घातली नाही असं सांगितलं, तर तो सगळ्या कुंड्या मोडून माती पुन्हा भिजवायला लावील आणि वाळू घालायला लावील. मग त्या मातीवर हात कुठले आणायचे? नाही सांगितलं, तर भट्टी काय करील ते भट्टीच्याच हातात. कदाचित निघतीलही, असं ती स्वतःला सांगायची. वाटी निघाली होती. सगळ्या नाही तर अर्ध्या तरी निघतील. नर्सरीवाला अर्ध्याही घेईल. रेघा बुजवता बुजवता ती असे हिशेब करायची आणि एकही जमायचा नाही.

भट्टी पहाटे लावली. कुंड्या रचायचं काम मुलाने केलं, बापाच्या सांगण्याप्रमाणे, आणि बापाने त्याला तीनदा मूर्ख म्हटलं. त्यावरून बापाची तब्येत चांगली आहे हे कळत होतं. आधी धुराची मंद आग, मग हळूहळू लाकूड वाढवत न्यायचं. दुपारी भट्टीच्या भिंती तापल्या आणि अंगणात उभं राहवेना. तिघं भिंतीच्या सावलीत बसले.

पहिला आवाज आला तेव्हा मुलगा पाणी पीत होता. आतून फट् झालं, फार मोठ्याने नाही.

"लाकूड फुटलं," मुलगा म्हणाला.

"असेल," कुंभार म्हणाला.

थोड्या वेळाने आणखी एक आवाज आला. मग लागोपाठ दोन. लाकूड फुटण्याचा आवाज त्या घरात जन्मलेल्या कुणालाही ओळखू यायचा आणि हा तो नव्हता. मुलाने तांब्या खाली ठेवला. कुंभार हात काखेत घालून बसला होता, थंडी वाजत असल्यासारखा. बायको उठून आत गेली आणि कारण नसताना भांडी घासायला लागली. घासण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणार नाही असं तिला वाटलं होतं, पण ऐकू येत होतं. आग चालू असताना भट्टी उघडता येत नाही. लाकूड घालत राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आतल्या कुंड्या फुटत असताना मुलगा संध्याकाळपर्यंत लाकूड घालत राहिला.

भट्टी निवल्यावर उघडली, तेव्हा नर्सरीवालाही गाडी घेऊन आला होता. मुलाने भट्टीवर झाकलेली जुनी खापरं काढली आणि एकेक कुंडी उचलायला घेतली. पहिलीचा तळ हातात आला आणि बाकीची जागेवरच राहिली. दुसरी तळापासून काठापर्यंत उकललेली. एक सबंध दिसली म्हणून त्याने तिच्यावर बोट वाजवलं, तर भद् असा आवाज आला. मग तो बोट न वाजवताच काढत गेला. अंगणात खापरांचा ढीग वाढला. धड कुंडी एकही निघाली नाही. पहिल्या दिवशीची वाळूची एकुलती एक तळाला होती, तीही वरच्यांच्या ओझ्याखाली फुटली होती.

नर्सरीवाला खाली बघत होता. "काका, होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका."

कुंभार उठला. ढिगापाशी गेला, पण वाकला नाही. दोन्ही हात त्याने सगळ्यांसमोर पुढे धरले.

"यांचं झालं हे," तो म्हणाला. "भिंत सारखी आली नाही. एकीकडे जाड, एकीकडे पातळ. हात गेले माझे." मग मुलाकडे वळून म्हणाला, "काढ चाक. बोललो होतो मी."

बायको दारात होती. नवऱ्याने परक्या माणसापुढे हात पसरून आपल्या हातांना दोष द्यावा, हे तिच्याने ऐकवेना.

"हातांचं नाही ते," ती म्हणाली. "माझं आहे. मातीत मी वाळू घातलीच नव्हती."

"काय?" मुलगा म्हणाला.

"राख घातली. ह्यांचे हात सोलवटत होते म्हणून. भिंती सगळ्या सारख्या आहेत, ती खापरं बघ, कुठलंही उचल." ती पुढे आली आणि स्वतःच एक खापर उचलून नर्सरीवाल्यापुढे धरलं. "बघा. वरपासून खालपर्यंत एकच जाडी आहे. असं काम करणारा माणूस दाखवा मला."

नर्सरीवाल्याने खापर हातात घेऊन पाहिलं. मुलाने दुसरं उचललं. खरोखरच जाडी सारखी होती. मुलाचा चेहरा एकदम खुलला.

"अगं मग आधी सांगायचं ना! बाबा, तुमचं काही चुकलंच नाही. भट्टी धरायचीच नाही ही. वाळू घाला आणि पुन्हा करा. मी लाकूड आणतो."

"मीही थांबतो थोडे दिवस," नर्सरीवाला म्हणाला. "रोपं पिशव्यांतच आहेत अजून."

सगळे कुंभाराकडे बघत होते. चांगली बातमी ऐकल्यावर माणूस जसा दिसायला हवा तसा तो दिसत नव्हता. त्याने पसरलेले हात खाली घेतले आणि बायकोला म्हणाला, "मळ मग."

तिने दुपारीच माती मळली. वाळू नेहमीएवढी घातली, मूठभरही कमी नाही. पायाखाली ती चरचरत होती. गोळा करून चाकावर ठेवला आणि बादलीत कोमट पाणी आणून दिलं. बाहेर मुलगा खापरं पाटीत भरून नेत होता आणि त्याच्या चालण्यात घाई होती.

कुंभाराने हात भिजवले. मोटर चालू केली. गोळा फिरायला लागला तसे त्याने हात पुढे नेले, टेकवले आणि लगेच काढून घेतले. पुन्हा टेकवले. या वेळी थोडा वेळ ठेवले, दात आवळून. मग काढून मांडीवर ठेवले. गोळा आपला नुसताच फिरत राहिला.

"थोडी मऊ करू का?" ती म्हणाली. "पाणी वाढवते."

"पहिल्याच गोळ्याला कळलं होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"वाळू नाही ते. हाताला कळणार नाही होय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग बोलला का नाहीत? कुंड्या वाळताना, भट्टी लावायच्या आधी... एका शब्दाने तरी बोलायचं."

"तू कुंड्या उलटत होतीस तिकडे मी फिरकलो नाही. मला काही बघायचंच नव्हतं."

"पण का?"

त्याने चाकाकडे पाहिलं.

"तेवढं दुखत नव्हतं गं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी बसलो की नुसतं काम व्हायचं. मला वाटलं, जाऊ दे, निघतील."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. अंगणात सगळ्यांपुढे आपण दोष घेतला, तेव्हाही हा गप्प उभा होता, हे तिला आठवत होतं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि आपणही रोज हेच म्हणत होतो, निघतील, हे तिला कळलं. तिने मोटर बंद केली.

बाहेरून मुलाची हाक आली. "आई, बसले का बाबा?"

कुंभाराच्या पेरांवर वाळूचे कण चिकटले होते आणि दोन ठिकाणी पुन्हा लाल झालं होतं. तिने बादली जवळ ओढली, त्याचे हात पाण्यात धरले, बोटांच्या बेचक्यांतून वाळू काढली आणि पदराने टिपून घेतले. तो लहान मुलासारखे हात पुढे करून बसून होता. पुसून झाल्यावर ती उठली आणि चाक काढायला मुलाला बोलवायला गेली.